मिश्रपिकात एक पीक वारंवार दबते तेव्हा: लक्षणे, तपासण्या आणि तज्ज्ञाला बोलावण्याची वेळ

उंच पिकाच्या ओळींमध्ये पेरलेले बुटके पीक पहिले तीन आठवडे बरोबरीने वाढते, मग हळूहळू मागे पडते, फिकट होते आणि काढणीला नुसती झाडे उभी असतात, शेंगा मात्र मोजक्याच लागलेल्या असतात. मिश्रपीक पद्धतीत सर्वाधिक वेळा माझ्यापुढे आलेली तक्रार हीच आहे. स्वतःच्या शेतात आणि इतरांच्याही शेतात हा दोष मी अनेक हंगाम शोधत आणि दुरुस्त करत आलो आहे. बहुतेक ठिकाणी मी पोचण्यापूर्वी एक उपाय होऊन गेलेला असतो, तो म्हणजे युरियाचा एक जादा हप्ता. आणि बहुतेक ठिकाणी त्या हप्त्यानेच दोष वाढलेला असतो. दबलेल्या पिकाला काहीही देण्यापूर्वी ते उजेडासाठी दबले आहे, पाण्यासाठी, की नत्रासाठी, आणि मुळात ही दोन पिकांची स्पर्धाच आहे की रोगाचा अथवा रसायनाचा परिणाम आहे, हे ठरवावे लागते. पुढील सर्व तपासण्या त्या एका प्रश्नाचे उत्तर काढण्यासाठी आहेत. त्यांचा क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चिक तपासणीकडे जातो आणि तो शक्यतो मोडू नये.

येथे प्रामुख्याने ओळीत पेरलेल्या आंतरपिकाचा विचार केला आहे. बी एकत्र मिसळून फोकलेल्या पिकालाही हेच लागू पडते, फक्त ओळींची मापे जिथे येतात तिथे चौरस मीटरने मोजावे.

लक्षणे

प्रथम शेताच्या चारही बाजूंनी फिरून दोष शेतात कोठे आहे ते पाहावे. रोपाजवळ नंतर बसावे. पान काय सांगते त्यापेक्षा दोषाची शेतातील मांडणी पुष्कळदा अधिक सांगते. बुटके पीक सगळीकडे सारखेच मागे असेल, पण बांधालगतच्या, म्हणजे एका बाजूने मोकळ्या असलेल्या ओळी ठळकपणे चांगल्या असतील, तर ती स्पर्धा आहे. दोष सरळ पट्ट्यांत असेल, पट्ट्याची रुंदी फवारणी यंत्राच्या किंवा पाभरीच्या रुंदीशी जुळत असेल, किंवा यंत्र जिथे वळते त्या धुऱ्यावर तो अधिक असेल, तर कारण माणसाच्या हातून घडलेले आहे: तणनाशकाची दुबार मात्रा, खताचा बंद पडलेला नळा, खोल गेलेली पेरणी. दोष गोलसर खंडांत असेल आणि ते खंड दर आठवड्याला रुंदावत असतील, तर रोग, सूत्रकृमी (मुळांत शिरून जगणारे सूक्ष्म कृमी) किंवा निचऱ्याचा प्रश्न आधी मनात आणावा.

मग रोपाकडे यावे. खोड काटकुळे, पेरे लांब, फांद्या कमी आणि रोप उजेडाकडे कललेले असेल, तर ती सावलीची खूण आहे. पानांतून गाळून आलेल्या प्रकाशात लाल किरण कमी आणि अतिलाल किरण तुलनेने जास्त असतात. रोप ते ओळखते आणि फांद्या फोडण्याऐवजी उंची वाढवण्यात अन्न खर्च करते. खालची, जुनी पाने आधी आणि सर्वत्र सारखी पिवळी पडत असतील, तर नत्र कमी आहे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता आहे आणि ती पुष्कळदा चुनखडीयुक्त किंवा पाणी साचणाऱ्या जमिनीत दिसते. पाने दुपारी माना टाकून सूर्योदयाला पुन्हा ताठ होत असतील, तर फार घाबरू नये. सूर्योदयालाही ती मलूल असतील, तर पाण्याचा ताण खरा आहे किंवा मुळे बिघडली आहेत.

कधी कधी उलटही होते: उंच तृणधान्यच खुरटते आणि शेंगवर्गीय पीक तरतरीत राहते. ज्वारी, मका किंवा बाजरी ओलावा असूनही कोमेजल्यासारखी दिसत असेल, तर दोष शेजारच्या पिकावर ढकलण्याआधी बुंध्याशी टारफुला उगवतो आहे का ते पाहावे. हे परजीवी तण जमिनीवर दिसण्याच्या कितीतरी आधी यजमान पिकाच्या मुळांवर जगू लागलेले असते, त्यामुळे ते वर येईपर्यंत मोठे नुकसान झालेले असते.

हा खरोखर दोष आहे का?

ही तपासणी कागदावर होते आणि तिला काहीच खर्च नाही, म्हणून ती सर्वांत आधी करावी. ज्वारीत तूर घेतली असेल आणि पेरणीनंतर ५० दिवसांनी तूर ज्वारीच्या निम्म्या उंचीवरही नसेल, तर ती दबलेली नसून तिच्या स्वभावाप्रमाणेच वाढत आहे. तुरीची सुरुवातीची वाढ संथ असते. ज्वारी साधारण १०० ते ११० दिवसांत शेतातून निघते, तर मध्यम व उशिरा पक्व होणारी तूर १६० ते १८० दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ उभी असते. ज्वारी निघाल्यावर मोकळा उजेड आणि खोल थरातला ओलावा तिच्या वाट्याला येतो आणि ती भरून निघते. पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने या जोडीचा बारकाईने अभ्यास केला. ही जोडी यशस्वी होण्याचे कारण हेच आहे की दोन्ही पिकांची भूक एकाच वेळी शिगेला पोचत नाही. अशा जोडीत मधल्या काळातील उंचीवरून निष्कर्ष काढणारा माणूस निरोगी पिकावर उपचार करतो. मीही सुरुवातीच्या वर्षांत हे केले आहे आणि त्यात खत वाया गेले.

याउलट सोयाबीन, मूग, उडीद, चवळी यांसारखे लवकर येणारे पीक तितक्याच लवकर वाढणाऱ्या मक्यात दबले, तर त्याला नंतर भरून निघायला वेळ मिळत नाही. म्हणून दोन्ही पिकांचे फुलोऱ्याचे आणि काढणीचे दिवस शेजारी शेजारी लिहून पाहावेत. दोन फुलोऱ्यांमध्ये महिन्याहून कमी अंतर असेल, तर स्पर्धा तीव्र होणारच आणि पुढील तपासण्या कराव्या लागतील.

मागील हंगामाची काढणी हाताशी असेल, तर आणखी एक हिशेब करावा. मिश्रपिकातील प्रत्येक पिकाचे उत्पादन त्याच पिकाच्या सलग पेरणीतील उत्पादनाने भागायचे आणि दोन्ही भागाकारांची बेरीज करायची. याला जमीन समतुल्यता गुणोत्तर म्हणतात. समजा, सलग ज्वारी हेक्टरी ३० क्विंटल होते आणि मिश्रपिकात २४ मिळाली, तर भागाकार ०.८० आला. सलग कडधान्य १२ क्विंटल होते आणि मिश्रपिकात ५ मिळाले, तर भागाकार साधारण ०.४२ आला. बेरीज १.२२. म्हणजे एक हेक्टर मिश्रपिकाने जे दिले, ते सलग पिकांतून काढायला १.२२ हेक्टर लागले असते. येथे कडधान्य निम्म्याहून खाली आले तरी शेत तोट्यात नाही. बेरीज १ च्या खाली असेल, तर दोष निर्विवाद आहे. बेरीज १ च्या वर असूनही ज्या पिकासाठी आपण पेरणी केली तेच पीक हातचे गेले असेल, तरीही दुरुस्ती करावीच, पण ती घाईने उभ्या पिकात न करता पुढील पेरणीच्या आखणीत करावी. या हिशेबात एक अट आहे: सलग पिकाचा आकडा त्याच वर्षीचा, त्याच जमिनीचा आणि नीट सांभाळलेल्या पिकाचा असावा. म्हणून दर हंगामात शेताच्या कडेला दोन्ही पिकांच्या सलग पेरणीचा एकेक लहान तुकडा ठेवावा, असा माझा आग्रह असतो. दोष सिद्ध करायला आणि दुरुस्ती लागू पडली की नाही हे कळायला त्याच्याइतके विश्वासू माप दुसरे नाही.

तण, तारखा आणि रोपांची संख्या

तणाकडे आधी पाहण्याचे कारण असे की मिश्रपिकात तण हे तिसरे पीक असते आणि त्याचा वाटा नेहमी बुटक्या पिकाच्या ताटातून जातो. पहिले ३० ते ४५ दिवस तणमुक्त गेले नसतील, तर पुढच्या कोणत्याही तपासणीचा निष्कर्ष विश्वासार्ह राहत नाही. एका कोपऱ्यात खुरपणी करून आठ-दहा दिवस वाट पाहिली, तरी पुष्कळ उलगडा होतो.

मग पेरणीच्या तारखा. दोन्ही बियाणे एकाच दिवशी पेरले, पण एक चार दिवसांत उगवले आणि दुसरे आठ दिवसांत, तर हा चार दिवसांचा फरक पुढे कायमचा राहतो आणि वाढतो. जे आधी छत्र धरते ते उजेडाचे मालक होते. नांग्या भरून, म्हणजे रिकाम्या जागी मागाहून बी टोकून आणलेली रोपे तर जवळजवळ नेहमीच मागे पडतात.

रोपांच्या संख्येवर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण माझ्या अनुभवात वारंवार येणारा खरा दोष येथेच सापडतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. टेप घेऊन ओळींच्या रचनेची एक पूर्ण आवृत्ती मोजावी. उदाहरणार्थ, मक्याची एक ओळ आणि सोयाबीनच्या दोन ओळी असून प्रत्येक दोन ओळींत ४५ सेंमी अंतर असेल, तर रचना दर १.३५ मीटरने पुन्हा येते. १० मीटर लांबीत हे क्षेत्र १३.५ चौरस मीटर झाले. तेवढ्या लांबीत मक्याची झाडे मोजावीत. ती १०८ भरली, तर चौरस मीटरला ८ झाडे झाली, आणि ही सलग मक्याला पुरणारी संख्या आहे. म्हणजे शेतकऱ्याला वाटते की आपण एक तृतीयांश ओळी मक्याला दिल्या, प्रत्यक्षात मका पूर्ण संख्येने उभा आहे आणि सोयाबीन त्याच्या खाली पाहुणे म्हणून राहते आहे. ओळ कमी केली तरी पाभरीतून पडणारे बी कमी केले नाही, की असे होते. ही मोजणी शेतात किमान पाच ठिकाणी करावी आणि ती ठिकाणे आधी ठरवावीत, म्हणजे चांगले किंवा वाईट पीक पाहून जागा निवडली जात नाही.

संख्या जास्त निघाली आणि पीक अजून लहान असेल, तर उंच पिकाची विरळणी हा उपाय आहे. विरळणी करताना एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे: ज्वारीची कोवळी रोपे जनावरांपुढे टाकू नयेत. ज्वारीच्या कोवळ्या, पाण्याचा ताण बसलेल्या किंवा कापल्यानंतर नव्याने फुटलेल्या वाढीत असा पदार्थ असतो की ज्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते, आणि त्याने थोड्या वेळात जनावर दगावू शकते.

मुळे उकरून पाहणे

एक खुरपे किंवा फावडे, बादलीभर पाणी आणि अर्धा तास पुरतो. शेंगवर्गीय पीक उगवून चार ते पाच आठवडे झाले असतील, तर दहा रोपे मातीच्या ढेकळासकट काढावीत, पाण्यात बुडवून माती सोडवावी आणि मुळांवरील गाठी पाहाव्यात. रोप उपटून काढू नये, कारण गाठी जमिनीतच तुटून राहतात आणि नसलेला दोष दिसू लागतो. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी किंवा तांबूस रंग असेल, तर ती हवेतील नत्र बांधत आहे. आत पांढरट, हिरवट किंवा करडी गाठ निकामी असते. गाठी बोटाने घासताच सहज सुटतात. मुळाचाच भाग सुजून गाठीसारखा दिसत असेल आणि तो सुटत नसेल, तर ती सूत्रकृमींची खूण आहे.

गाठी कमी किंवा निकामी असतील, तर लगेच विचारावे: दबलेल्या पिकाला नत्र कोठून आणि किती दिले गेले? शेंगवर्गीय पिकाच्या मुळाशी तयार नत्र भरपूर असले, की ते गाठींवर अन्न खर्च करणे कमी करते. त्याच वेळी शेजारचे तृणधान्य, ज्याची मुळे बहुधा लवकर आणि दाट पसरतात, तेच नत्र अधिक वेगाने उचलते, पाने रुंद करते आणि सावली दाट करते. म्हणजे पिवळ्या पडलेल्या कडधान्यासाठी सगळ्या शेतात फेकलेला युरिया कडधान्याच्या प्रतिस्पर्ध्याला पोसतो आणि कडधान्याचा स्वतःचा नत्राचा कारखाना मंद करतो. एका शेतात मी तीन हप्ते पडलेले पाहिले. प्रत्येक हप्त्यानंतर ज्वारी गडद होत गेली आणि खालचे उडीद अधिक पिवळे. चौथा हप्ता थांबवणे एवढेच आमच्या हातात उरले होते. नत्र द्यायचेच असेल, तर ते उंच पिकाच्या ओळीलगत, मातीआड आणि मोजून द्यावे, आणि शेंगवर्गीय ओळीला त्यापासून दूर ठेवावे. गाठीच नसतील आणि ते पीक त्या शेतात प्रथमच घेतले असेल, तर पुढील पेरणीला त्या पिकासाठीचे योग्य रायझोबियम, म्हणजे मुळांवर या गाठी करणारे जिवाणू, बियाण्याला लावावे. उभ्या पिकात त्याचा उपयोग फारसा होत नाही.

लोहाच्या पिवळेपणाबद्दल येथेच एक नोंद करून ठेवतो. चुनखडीयुक्त जमिनीत मक्यासोबत घेतलेला भुईमूग सलग भुईमुगापेक्षा कमी पिवळा पडतो असे आढळले आहे, कारण तृणधान्यांची मुळे लोह विरघळवून धरणारे पदार्थ सोडतात आणि त्याचा लाभ शेजारच्या मुळांना होतो. म्हणून मक्यातील भुईमुगाचे शेंडे पिवळे दिसले, तर मक्याला दोष देऊ नये. पाणी साचले आहे का आणि माती घट्ट झाली आहे का, ते पाहावे.

सावली की पाणी: पंधरा दिवसांचा प्रयोग

संख्या बरोबर, तण नाही, गाठी गुलाबी, तरीही पीक दबत असेल, तर उजेड आणि मुळांची स्पर्धा वेगळी करून पाहावी लागते. दोन्हींची लक्षणे एकमेकांत मिसळतात आणि नुसत्या नजरेने ती सुटी होत नाहीत. यासाठी शेतात एकमेकांसारखे दिसणारे, प्रत्येकी तीन-चार मीटर लांबीचे चार तुकडे निवडून खुंट्या ठोकाव्यात.

पहिला तुकडा जसा आहे तसा ठेवावा. दुसऱ्यात उंच पिकाची झाडे दोरीने बुटक्या पिकापासून बाहेरच्या बाजूला बांधून धरावीत, म्हणजे सावली हटते पण मुळे तशीच राहतात. तिसऱ्यात दोन पिकांच्या मध्ये, उंच पिकाच्या अधिक जवळून, फावड्याने साधारण ३० सेंमी खोल उभी चीर द्यावी, म्हणजे सावली राहते पण वरच्या थरातील मुळांचा शिरकाव काही काळ तुटतो. चौथ्यात उंच पीक जमिनीलगत कापून टाकावे. दोन आठवड्यांनी चारही तुकड्यांतील बुटक्या पिकाच्या नव्या पानांचा रंग, नवीन फांद्या आणि फुले यांची तुलना करावी.

बांधलेला तुकडा कापलेल्या तुकड्याइतकाच सुधारला, तर प्रश्न उजेडाचा आहे. चीर दिलेला सुधारला आणि बांधलेला नाही, तर प्रश्न जमिनीखाली आहे, म्हणजे पाणी किंवा अन्नद्रव्य. दोन्ही थोडे थोडे सुधारले, तर दोन्ही कारणे आहेत, आणि हे पुष्कळदा घडते. चारही तुकडे सारखेच राहिले, अगदी कापलेलाही, तर ही स्पर्धाच नाही, आणि हाच निकाल सर्वांत मोलाचा आहे, कारण तो आपल्याला खत आणि पाणी यांपासून परत वळवून रसायन व रोग यांच्याकडे पाठवतो. तीन-चार मीटर पीक गमावण्याची तयारी नसल्याने लोक हा प्रयोग टाळतात. पण तो टाळून सगळ्या शेतावर जे उपाय केले जातात, त्यांची किंमत या तुकड्यांहून खूप मोठी असते.

प्रश्न पाण्याचा वाटला, तर १५ आणि ३० सेंमी खोलीवरची माती मुठीत दाबून पाहावी. वर कोरडी आणि खाली ओल असेल, तर उथळ मुळांचे पीक त्रासात असून खोल मुळांचे सुखात आहे. पाणी देण्याची सोय असेल, तर एक हलकी पाळी बुटक्या पिकाच्या फुलोऱ्यापूर्वी द्यावी. प्रश्न उजेडाचा ठरला, तर उभ्या पिकात करण्यासारखे थोडेच असते. उंच पिकाची अगदी खालची, पिवळी पडू लागलेली पाने काढता येतात. वरची हिरवी पाने दाणा भरतात, त्यांना हात लावू नये. बुटके पीक फुलोऱ्यात येऊन शेंगा धरू लागले असेल, तर त्या हंगामासाठी येथेच थांबावे. त्यानंतरच्या उपायांनी शेंगांची संख्या क्वचितच वाढते.

तणनाशक आणि मागील पिकाचा अंश

मिश्रपिकात तणनाशकाची चूक सलग पिकापेक्षा सहज घडते, कारण एका पिकाला चालणारे औषध दुसऱ्याला मारक असते. ॲट्राझिन मका आणि ज्वारीला सोसते, पण सोयाबीनसह बहुतेक शेंगवर्गीय पिकांना सोसत नाही. रोपे उगवतात आणि मग जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात. इमाझेथापायर सोयाबीन व भुईमुगाला चालते, पण ज्वारी, मका, बाजरी त्याने खुरटतात. २,४-डी चा नुसता वाऱ्याने आलेला तुषारही कापूस, तूर यांच्या शेंड्यांना पीळ पाडतो आणि नवी पाने अरुंद, पट्टीसारखी करतो. औषध याच हंगामात मारलेले असावे असेही नाही; काहींचा अंश मागील पिकापासून जमिनीत राहतो.

संशय पडताळायला कुंड्यांची चाचणी पुरते. दोषी जागेची वरच्या १० सेंमीची माती आणि कधीच फवारणी न झालेल्या जवळच्या जागेची तशीच माती वेगवेगळ्या चार-चार कुंड्यांत भरावी, दोन्हींत दबलेल्या पिकाचेच बी टोकावे, सारखे पाणी द्यावे आणि तीन आठवडे निरीक्षण करावे. फक्त दोषी मातीतली रोपे बिघडली, तर कारण मातीत आहे. सूर्यफूल किंवा ज्वारीच्या मुळांतील रसांनी शेजारचे पीक मारले, असे निदान फार लवकर केले जाते. ज्वारीची मुळे इतर रोपांची वाढ रोखणारे पदार्थ सोडतात हे खरे आहे, परंतु शेतात त्याचा परिणाम सावली आणि पाण्याच्या स्पर्धेपासून वेगळा काढणे अवघड असते. म्हणून बाकी सर्व कारणे बाद झाल्यावरच त्याकडे वळावे. कुंड्यांची चाचणी निर्दोष निघाली म्हणून ते कारण सुटले असेही समजू नये, कारण जिवंत मुळांतून सतत झिरपणारा पदार्थ कुंडीतल्या मातीत टिकेलच असे नाही.

पुढील पेरणीत रचना बदलणे

हा सर्वांत अवघड उपाय आहे, कारण यात बियाणे, पाभर आणि काढणीची सवय बदलावी लागते. तरीही दोष दोन हंगाम सलग आला असेल, तर तो रचनेचाच आहे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कोणत्या बदलाने गुण आला ते कळत नाही. माझा क्रम असा असतो: आधी उंच पिकाच्या एकूण झाडांची संख्या उतरवावी, मग बुटके पीक दहा-पंधरा दिवस आधी पेरून पाहावे, मग उंच पिकाचे कमी उंचीचे, ताठ पानांचे किंवा वेगळ्या मुदतीचे वाण घ्यावे, आणि एवढ्यानेही भागले नाही, तर एकाआड एक ओळी सोडून चार-चार, सहा-सहा ओळींचे पट्टे करावेत. पट्टा जितका रुंद तितकी स्पर्धा कमी, पण शेजारचा लाभही तितकाच कमी होतो, म्हणून फार रुंद पट्ट्यांची घाई करू नये. ओळी उत्तर-दक्षिण केल्याने बुटक्या पिकाला दिवसभरात उजेड अधिक सारखा मिळू शकतो. पण उताराच्या जमिनीत ओळी उताराला आडव्याच असाव्यात, कारण थोड्या उजेडासाठी माती वाहून जाऊ देणे परवडत नाही.

जोडी निवडताना दोन्ही पिकांवर एकच कीड किंवा रोग पोसला जाणार नाही, हेही पाहावे. घाटे अळी कापूस, तूर आणि हरभरा या तिन्हींवर जगते. ज्वारीच्या सोबतीने तुरीतील मर रोग कमी राहतो, तर केनियात विकसित झालेल्या पद्धतीत मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक आणि कडेने नेपियर गवत लावून खोडकिडा व टारफुला दोन्ही आटोक्यात आणले जातात. म्हणजे जोडी योग्य असेल, तर तीच औषधाचे काम करते.

कोठे थांबावे आणि तज्ज्ञाला बोलवावे

झाडे खंडाखंडाने मरत असतील आणि खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी किंवा काळ्या रेषा दिसत असतील, तर स्वतः उपचार करू नयेत. तो मर रोग असू शकतो आणि पाणी वा अवजारांसोबत दोष शेतभर नेला जातो. मूग, उडीद किंवा सोयाबीनवर पिवळे-हिरवे डाग पडून पांढरी माशी वाढली असेल, तर विषाणूचा संशय घ्यावा आणि वनस्पतिरोगतज्ज्ञाला दाखवावे, कारण विषाणूवर फवारणीचे औषध नाही आणि प्रश्न माशीच्या नियंत्रणाचा उरतो. मुळांवर सुटत नसलेल्या गाठी असतील, तर सूत्रकृमींची मोजणी प्रयोगशाळेतच होते. तणनाशकाचा संशय कुंड्यांत खरा ठरला, तर उतारा म्हणून आणखी काही फवारू नये. कोणतेही औषध मारण्याआधी ते दोन्ही पिकांवर वापरण्यास मान्य आहे का आणि दोन्हींच्या काढणीपर्यंत प्रतीक्षेचे दिवस, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत राखायचे अंतर, पुरतात का, याची खात्री लेबलावरून होत नसेल, तर तीही थांबण्याचीच जागा आहे. जमिनीवर पांढरे क्षार दिसत असतील किंवा वरच्या सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या असतील, तर माती परीक्षण करून घ्यावे. आणि विरळणीची ज्वारी खाऊन जनावर धापा टाकू लागले, थरथरू लागले, तर पशुवैद्याला त्याच क्षणी बोलवावे. त्यात तासाचाही उशीर चालत नाही.

तज्ज्ञाकडे जाताना पेरणीच्या तारखा, दोन्ही पिकांची वाणे, मोजलेली संख्या, दिलेले खत आणि मारलेली औषधे यांची नोंद सोबत न्यावी, तसेच दोषाची शेतातील मांडणी दाखवणारे एक हाताने काढलेले रेखाटन न्यावे. नमुना म्हणून निरोगी, मध्यम आणि दोषी अशी तिन्ही प्रकारची रोपे मुळांभोवतीच्या मातीसह द्यावीत. दोषी रोप निवडताना पूर्ण वाळलेले घेऊ नये, तर लक्षणे नुकतीच सुरू झालेले घ्यावे, कारण मेलेल्या रोपावर नंतर वाढलेल्या बुरशा मूळ कारण झाकून टाकतात.